पोटाखालचे पर हरवलेला मासा

आजचा एपिसोड एका माशाबद्दल आहे. लांबी अडीच सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या अंगठ्याच्या वरच्या पेरापेक्षा जरा कमी. आयुष्य साधारण एक वर्ष. आणि 2013 च्या वसंतात मोजणी झाली तेव्हा या जातीचे जगभरात मिळून जंगली मासे भरले 35. पस्तीस हजार नाही हां, पस्तीस. आपल्या शाळेतला एक वर्गसुद्धा यापेक्षा मोठा असायचा.

या माशाला पोटाखालचे पर नाहीत. माशाचं चित्र डोळ्यासमोर आणा. पाठीवर एक पर, शेपटी, कल्ल्यांच्या मागे दोन बाजूंना दोन, आणि पोटाखाली अजून एक जोडी. आपल्या पायांची उत्क्रांतीतली पूर्वज म्हणजे ही पोटाखालची जोडी. या माशाच्या जवळच्या नातेवाइकांना ती असते, याला नसते. आज आपल्याला बघायचंय की हे व्यंग आहे, की त्या जागेत राहायची सोय आहे, की तिसरंच काहीतरी. प्रश्न पुस्तकी वाटेल, पण याच्या उत्तरावर तो मासा वाचवायचा कसा हे अवलंबून आहे आणि त्यावरून शास्त्रज्ञांमध्ये खरोखर वाद आहेत.

आधी जागा समजून घेऊ. अमेरिकेतलं नेवाडा राज्य. लास वेगासपासून साधारण दीडशे किलोमीटरवर, वाळवंटात, एका टेकडीच्या पायथ्याशी खडकात एक फट आहे. नाव डेव्हिल्स होल. सैतानाचं भोक म्हणा हवं तर. खाली पाण्याने भरलेली गुहा आहे. पाणबुडे 130 मीटरपेक्षा खोल गेलेत, तळ अजून कुणाला लागलेला नाही. 1965 मध्ये दोन तरुण रात्री आत पोहायला गेले, त्यांचे मृतदेह कधीच मिळाले नाहीत. पाण्याचं तापमान बारा महिने 33-34 अंश. ऑक्सिजन इतका कमी की बहुतेक माशांची दमछाक होईल. हिवाळ्यात दोनेक महिने थेट ऊन पाण्यावर पडतच नाही, म्हणजे शेवाळ कमी, म्हणजे खाणं कमी.

एवढ्या खोल पाण्यात माशाच्या कामाची जागा किती? पाण्याच्या कडेला उथळ बुडालेला दगडाचा एक कट्टा आहे. मध्यमवर्गीय फ्लॅटचा हॉल समजा, तेवढा. त्या कट्ट्यावर शेवाळ उगवतं, तिथेच हे मासे खातात आणि तिथेच अंडी घालतात. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये इतक्या छोट्या जागेवर अख्खी जात टिकून असल्याचं दुसरं उदाहरण माहीत नाही. माशाचं नाव डेव्हिल्स होल पपफिश, शास्त्रीय नाव सायप्रिनोडॉन डायाबोलिस. 'पप' म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. कार्ल हब्स नावाचे माशांचे अभ्यासक होते, त्यांना या माशांची एकमेकांमागची पळापळ बघून पिल्लांची मस्ती आठवली. खरं तर ती पळापळ म्हणजे नरांची हद्दीवरून भांडणं. मस्ती कसली.

आता या माशाची कोर्ट केस सांगायलाच हवी. 1952 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी डेव्हिल्स होल डेथ व्हॅलीच्या संरक्षित क्षेत्राला जोडलं. मग साठच्या दशकाच्या शेवटी जवळच्या एका रँचने शेतीसाठी विहिरींतून पाणी उपसायला सुरुवात केली. जमिनीखालचं पाणी एकमेकांना जोडलेलं असतं, हे बोअरवेल असलेल्या कुठल्याही गावात सांगावं लागत नाही. शेजाऱ्याने बोअर मारली की आपली आटते. तसंच झालं. होलमधली पातळी उतरली आणि तो कट्टा उघडा पडायला लागला. कट्टा उघडा म्हणजे अंडी गेली.

सरकार कोर्टात गेलं. तिकडे दोन्ही बाजूंचे लोक गाडीच्या मागे स्टिकर लावून फिरत होते, एकाच्या गाडीवर मासा वाचवा, दुसऱ्याच्या गाडीवर मासा मारा. 1976 मध्ये कॅपर्ट विरुद्ध युनायटेड स्टेट्स या खटल्यात सुप्रीम कोर्टाने एकमताने माशाच्या बाजूने निकाल दिला. 1952 मध्ये ही जागा राखीव केली तेव्हाच तिला जगवायला लागेल इतकं पाणीही राखीव झालं, असा तो युक्तिवाद. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी: गुहेच्या भिंतीवर मोजमापासाठी तांब्याचा एक वॉशर ठोकलेला होता. पाणी त्या वॉशरच्या खाली 2.7 फुटांपेक्षा जास्त उतरता कामा नये, असं ठरलं. एका वॉशरवर एक प्रजाती.

बरं, आता परांकडे येऊ.

आमच्या कामात एक जुना विनोद आहे. टेस्टर येऊन म्हणतो हा बग आहे, डेव्हलपर म्हणतो नाही रे, हे फीचर आहे. एखाद्या प्राण्याचा अवयव गायब दिसला की जीवशास्त्रातही हेच भांडण सुरू होतं. फरक एवढाच की तिथे कोड लिहिणारा कुणी समोर बसलेला नसतो, त्यामुळे विचारायची सोय नाही.

मराठीत आपण सरसकट 'विकृती' म्हणून मोकळे होतो. पण विचार करा, अक्वेरियमच्या दुकानात बलून मॉली नावाचा मासा मिळतो. गोल टरारलेलं पोट, गोड दिसतो, मुलं हट्ट करतात. त्याचा कणा वाकडा आणि आखूड आहे. तो दोष माणसाने मुद्दाम निवडून, पिढ्यान्‌पिढ्या जपून तयार केलाय. नदीत तोच मासा सापडला असता तर आपण पाण्यात काय मिसळलंय म्हणून बातमी केली असती. तेच शरीर दुकानात दिसलं तर जात, नदीत दिसलं तर रोग.

निसर्गातलं सगळ्यात चांगलं तपासलं गेलेलं उदाहरण स्टिकलबॅक या माशाचं आहे. हिमयुग संपलं, बर्फ वितळलं, आणि उत्तरेकडे, अलास्का, कॅनडा, स्कॉटलंड वगैरे भागात हजारो नवी तळी तयार झाली. समुद्रातले स्टिकलबॅक त्यांत शिरले आणि मागची वाट बंद झाल्यावर तिथेच अडकले. ही साधारण दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. समुद्रातल्या स्टिकलबॅकला पोटाखाली पर नसतात म्हणा, पण त्यांच्या जागी दणकट काटे असतात. मोठा मासा गिळायला आला की काटे घशात अडकतात. पण काही तळ्यांमधल्या स्टिकलबॅकचे हे काटे, काट्यांना धरणाऱ्या हाडासकट, गायब झाले. आणि हे एका तळ्यात झालं नाही, एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या कितीतरी तळ्यांमध्ये झालं.

स्टॅनफर्डमधल्या डेव्हिड किंग्जली यांच्या गटाने यामागचं जनुक शोधलं. पिट्क्स-वन नाव त्याचं. आणि इथे गोष्ट एकदम इंटरेस्टिंग होते. जनुक बिघडलेलंच नव्हतं! अक्षर न्‌ अक्षर जागेवर. मग बिघडलं काय होतं? जनुकाच्या आजूबाजूला काही तुकडे असतात जे ठरवतात की हे जनुक शरीराच्या कुठल्या भागात चालू करायचं. पिट्क्स-वन जबड्यात लागतं, पिट्युटरी ग्रंथीत लागतं, आणि मागच्या पायांच्या जागीही लागतं. प्रत्येक ठिकाणचं बटण वेगळं. या तळ्यांतल्या माशांमध्ये फक्त मागच्या परांचं बटण डिलीट झालं होतं. कोडच्या भाषेत सांगायचं तर फंक्शन शाबूत आहे, बाकी सगळीकडून कॉल होतंय, फक्त एका ठिकाणची कॉल करणारी ओळ उडालीय. म्हणून मासा मेला नाही. अख्खं जनुक उडालं असतं तर जबडाही गेला असता.

आणि पुरावा कसा दिला, तर ते बटण त्यांनी पर हरवलेल्या माशात परत घातलं. त्या माशांना पोटाखालचं हाड परत आलं. हे 2010 मध्ये प्रसिद्ध झालं. वेगवेगळ्या तळ्यांमध्ये डीएनएचा वेगवेगळ्या लांबीचा तुकडा उडालेला होता, म्हणजे ही एकाच अपघाताची कॉपी-पेस्ट नाही. तोच अपघात पुन्हा पुन्हा झाला, आणि प्रत्येक वेळी तो असलेले मासे जास्त जगले. का जगले? मोठे शिकारी मासे नसतील तर काट्यांचा उपयोग नाही. पाण्यात कॅल्शियम कमी असेल तर हाड बनवणं महाग पडतं. आणि चतुराच्या अळ्या म्हणे लहान माशाला काट्यालाच धरतात. यातलं कुठलं कारण कुठल्या तळ्यात जास्त खरं, यावर चर्चा चालू आहे.

एक छोटी गंमत जाता जाता. या माशांमध्ये जिथे हाडाचा थोडासा अवशेष उरतो तिथे डावा बहुतेकदा उजव्यापेक्षा मोठा असतो. पिट्क्स-वन बंद केलेल्या उंदरांमध्येही मागचा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा राहतो. आणि माणसात? जन्मतः पाऊल आत वळलेलं असतं, ज्याला क्लबफूट म्हणतात, त्याच्या काही कुटुंबांमध्ये याच जनुकातला बदल सापडलाय. तळ्यातला मासा, प्रयोगशाळेतला उंदीर आणि अस्थिरोगतज्ज्ञाच्या ओपीडीतलं बाळ, तिघांच्या मागे एकच वायरिंग.

म्हणजे स्टिकलबॅकपुरतं उत्तर स्पष्ट आहे: फीचर. मग डेव्हिल्स होलचा मासा पण तसाच असेल, नाही का? मला आधी तसंच वाटलं होतं. पण इथे कहाणी वळण घेते.

2006 मध्ये शॉन लेमा आणि गॅब्रिएल नेव्हिट यांनी एक प्रयोग छापला. डेव्हिल्स होलच्या माशांवर प्रयोग करायची परवानगी कोण देणार, इतके कमी मासे असताना? म्हणून त्यांनी जवळच्या अमरगोसा नदीतला पपफिश घेतला, ज्याला पोटाखालचे पर व्यवस्थित असतात. त्याच्या पिल्लांना खाणं कमी दिलं. तर पिल्लं बारकी झाली, डोकं मोठं, शरीर उथळ. काही पिल्लांना थायरॉइड दाबणारं औषध दिलं. त्यांचीही ठेवण तशीच झाली, आणि पोटाखालचे पर आलेच नाहीत. म्हणजे नदीतला धडधाकट मासा एका पिढीत, एकही जनुक न बदलता, डेव्हिल्स होलच्या माशासारखा दिसायला लागला.

थायरॉइडचा संबंध आपल्याला माहीत आहे. मिठात आयोडीन का घालतात? थायरॉइड हॉर्मोन कमी पडलं तर मुलांची वाढ खुंटते. माशातही पर, डोकं, शरीराची जाडी हे वाढीच्या कुठल्या टप्प्यावर काय तयार होणार याच्याशी जोडलेलं आहे. गरम पाणी, कमी ऑक्सिजन, कमी खाणं, अशात वाढणारं पिल्लू तो शेवटचा टप्पा गाठतच नाही. पोटाखालचे पर सगळ्यात उशिरा येतात, म्हणून बळी त्यांचा जातो.

उलट बाजूचा पुरावाही आहे. 1972 मध्ये डेव्हिल्स होलचे काही मासे हूव्हर धरणाच्या खाली बांधलेल्या एका टाकीत सुरक्षिततेसाठी हलवले होते. काही वर्षांतच तिथले मासे मोठे आणि जाड अंगाचे झाले. मूळ माशासारखे दिसेनात.

आता सांगा, बग की फीचर? मला वाटतं तिसरा शब्द लागेल. प्रोग्रॅम तोच आहे, पण मशीनला रॅम कमी पडतेय म्हणून तो लो-ग्राफिक्स मोडमध्ये चालतोय. त्या माशाचं 'वेगळेपण' थोडं त्याच्या डीएनएमध्ये आहे आणि थोडं त्या भोकात. माशाला तिथून उचलून बादलीत घातलं, तर जात वाचवली असं म्हणायचं की निम्मीच?

पण थांबा, डीएनएच्या बाजूने सगळं ठीक आहे असंही नाही. इथे आपल्याला एकटं पडण्याचे परिणाम बघावे लागतील, कारण शेवटी आजचा विषय तोच आहे.

कोकणातली एक वाडी घ्या. चाळीस घरं, पंधरा आडनावं. त्यातलं एक आडनाव दोनच घरांचं आहे. एका घरातली मुलं मुंबईला गेली, दुसऱ्या घरात फक्त मुली होत्या, लग्न होऊन गेल्या. संपलं आडनाव. त्या आडनावात काही वाईट नव्हतं, फक्त संख्या कमी होती. हीच घटना मुंबईत घडली असती तर कुणाला पत्ता लागला नसता, कारण तिथे त्या आडनावाची अजून पाच हजार घरं आहेत. जनुकांच्या आवृत्त्यांचंही असंच होतं. लोकसंख्या छोटी असली की नशिबाचा हात जड होतो. चांगली आवृत्ती निव्वळ योगायोगाने जाते आणि वाईट आवृत्ती निव्वळ योगायोगाने सगळ्यांच्यात पसरते. बाहेरून नवीन सून येत नाही, त्यामुळे गेलेलं परत येत नाही. वर नातेवाइकांतच जोड्या जमतात, म्हणजे आईकडून आणि बापाकडून तीच सदोष आवृत्ती यायची शक्यता वाढते.

2022 मध्ये बर्कलीच्या ख्रिस्तोफर मार्टिन यांच्या गटाने डेव्हिल्स होलच्या माशांचा पूर्ण जीनोम वाचून प्रसिद्ध केला. सरासरी 58 टक्के जीनोम माशा-माशांमध्ये एकसारखा निघाला. सख्ख्या भावंडांची चार-पाच पिढ्या आपसात लग्नं लावली तर जे होईल तसं. 1980 मधला जतन केलेला एक मासाही तपासला, तोही तितकाच. म्हणजे हे 2013 च्या पस्तिशीमुळे झालेलं नाही, जुनं दुखणं आहे. पंधरा जनुकं गळालेली सापडली, आणि त्यातली पाच कमी ऑक्सिजनमध्ये जुळवून घेण्याशी संबंधित. ज्या माशाला ऑक्सिजनसाठी रोज झगडावं लागतं त्याचीच ती जनुकं गेली! हे वाचल्यावर मी पाच मिनिटं नुसता स्क्रीनकडे बघत होतो.

एकटेपणाने शरीरावर काय होतं हे जपानमध्ये फार स्वच्छ दिसतं, कारण तिथे एकटेपणाची तारीख माहीत आहे. होक्काइडो बेटावरच्या ओढ्यांमध्ये चार नावाचा मासा आहे, ट्राउटचा भाऊबंद. माती वाहून जाऊ नये म्हणून ओढ्यांवर छोटे छोटे काँक्रीटचे बंधारे बांधले गेले. मासा बंधाऱ्यावरून खाली पडू शकतो, वर उडी मारू शकत नाही. बंधारा बांधला ते साल सरकारी कागदावर आहे, म्हणजे वरचे मासे किती वर्षं तुटलेत हे बरोब्बर कळतं. केंतारो मोरिता आणि शोइचिरो यामामोतो यांनी असे अनेक बंधारे तपासले. जितकी वर्षं जास्त आणि वरचा तुकडा जितका छोटा, तितकी मासे नाहीसे झालेले असण्याची शक्यता जास्त. आणि जिथे मासे उरले होते तिथे जनुकीय विविधता कमी, आणि शरीराच्या डाव्या-उजव्या बाजू नीट जुळेनाशा झालेल्या.

ही डावी-उजवी बाजू मला फार महत्त्वाची वाटते. दोन्ही बाजू एकाच डीएनएवरून बनतात, एकाच पाण्यात वाढतात. तरी त्या जुळल्या नाहीत, तर बांधकामावरची देखरेख ढिली पडलीय असा अर्थ. वाकडा कणा हा शेवटचा टप्पा. त्याच्या कितीतरी आधी अशा बारीक खुणा दिसतात, पण मोजायला बसलं तरच.

मात्र वाकडा मासा दिसला की लगेच 'बिचारे नात्यात लग्न करतात' म्हणायची घाई करू नका. नॉर्थ कॅरोलायनामध्ये बेल्यूज लेक नावाचा जलाशय आहे, सत्तरच्या दशकात कोळशाच्या वीज प्रकल्पाला थंड ठेवायला बांधलेला. राखेच्या तळ्याचं पाणी त्यात सोडलं जायचं, त्यात सेलेनियम होतं. माशांच्या वीस जातींपैकी एकोणीस संपल्या. उरलेल्या आणि नंतर परतलेल्या माशांमध्ये वाकडे कणे, अर्धवट पर, बाहेर आलेले डोळे. सेलेनियमचा कावा असा की मोठा मासा ठणठणीत दिसतो. विष अंड्यातल्या बलकात जातं आणि पिल्लू आपलं पहिलं जेवण म्हणून तेच खातं. डेनिस लेमली यांनी वर्षानुवर्षं हे मोजलं. कारण प्रदूषण असेल आणि आपण दोष जनुकांना दिला, तर कारखानदार खूष होतो. कारण एकटेपणा असेल आणि आपण पाणी तपासत बसलो, तर मासे संपतात.

मग एकट्या पडलेल्यांना वाचवायचं कसं? एक उपाय सरळ आहे: बाहेरचं रक्त आणा. फ्लोरिडातल्या पँथरचं प्रसिद्ध आहे. वीस-तीसच उरले होते, शेपटीला गाठ, पाठीवर केसांचा भोवरा, नरांमध्ये वृषण खाली न उतरणं. 1995 मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या. पिल्लांमध्ये गाठी कमी झाल्या, संख्या वाढली.

डेव्हिल्स होलच्या बाबतीत हा प्रयोग न ठरवता झाला. मासे सांभाळायला पॉइंट ऑफ रॉक्स इथे बांधलेल्या एका टाकीत शेजारच्या जातीचे मूठभर पपफिश कसे कोण जाणे शिरले. थोड्याच वर्षांत सगळी टाकी संकरित झाली. बाहेरची जनुकं इतक्या वेगाने पसरली की हा संकर त्यांना मानवला असं म्हणायला जागा आहे. काहींनी म्हटलं, चला, हाच उपाय. काहींनी म्हटलं, अरे पण मग तो डेव्हिल्स होलचा मासा राहिला कुठे? आणि टाकीत मानवलं ते 34 अंशाच्या, ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात मानवेल कशावरून?

यात अजून एक काडी आहे. हा मासा तिथे कधीपासून आहे? 2016 मधल्या एका अभ्यासाने म्हटलं 105 ते 830 वर्षं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासाने म्हटलं सुमारे 60,000 वर्षं, म्हणजे छत कोसळून ते भोक उघडलं तेव्हापासून. पहिलं खरं असेल तर बाहेरून अधूनमधून पाहुणे येत होते, मग आपण चार आणून सोडले तर बिघडलं काय. दुसरं खरं असेल तर हात लावताना शंभरदा विचार करावा लागेल.

माझं मत विचाराल तर मी आत्ता संकर करणार नाही. प्रॉडक्शनमध्ये एकच सर्व्हर असताना त्याच्यावर प्रयोग करत नाहीत, आधी बॅकअप उभा करतात. आणि तो उभा केलाय. जवळच ॲश मेडोजमध्ये एक लाख गॅलनची टाकी आहे, त्यात त्या कट्ट्याची हुबेहूब नक्कल बनवलीय. हूव्हरच्या टाकीतून शिकलेला धडा: माशाला आरामात ठेवलं तर तो दुसराच मासा होतो, म्हणून त्याची जागाही सोबत बांधून न्यायची. तरी माझं मत सोपं आहे, कारण निर्णय मला घ्यायचा नाहीये. तिथे बसलेल्या माणसाला आणखी शंभर वर्षांनी या 58 टक्क्यांचे किती झालेत तेही बघावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल हे सगळं अमेरिका-जपानचं. आपल्याकडे एकटे मासे विहिरीत राहतात. केरळमध्ये जांभ्या दगडाखालच्या पाण्यात होराग्लॅनिस नावाचे मासे आहेत. डोळे नाहीत, अंगाला रंगद्रव्य नाही, रक्त दिसतं म्हणून लालभडक, बोटाच्या दोन पेरांएवढे. घरच्या विहिरीच्या पोहऱ्यात किंवा टाकीतून नळात अचानक येतात. 2023 मध्ये यातली एक नवी जात जाहीर झाली, होराग्लॅनिस पॉप्युली. पॉप्युली म्हणजे लोकांची, कारण विहिरी-टाक्या साफ करताना सापडलेले मासे, त्यांचे फोटो, व्हिडिओ गावातल्या लोकांनीच पाठवले होते. तुमच्या हातात आत्ता जो फोन आहे, तसल्याच फोनवरून. त्या टीममध्ये पुण्याच्या आयसरमध्ये काम केलेले नीलेश डहाणूकर होते. याच मंडळींनी 2019 मध्ये कोझिकोडच्या एका विहिरीतून सापडलेल्या बारीक लांबड्या माशाचं नाव ठेवलं पँजिओ भुजिया. दिसतो अगदी शेवेसारखा. आणि त्याला पाठीवरचा परही नाही, पोटाखालचेही नाहीत. त्याला कुणी विकृत म्हटलं नाही. सरळ नवीन जात म्हणून नोंद झाली.

शेवटी डेव्हिल्स होलची 2025 पर्यंतची खबर. 2013 च्या पस्तिशीनंतर आकडा हळूहळू वर चढला, 2022 च्या शरदात 263 झाला. मधे 2016 मध्ये तीन जण दारूच्या नशेत कुंपण चढून आत घुसले, एकाने त्या कट्ट्यावर पाय ठेवून डुबकी मारली, एक मासा मेला, आणि त्या माणसाला वर्षभराची कैद झाली. 2024 च्या वसंतात 191 मासे होते. मग त्या हिवाळ्यात भूकंप झाले. दूरचा मोठा भूकंप झाला तरी या भोकातलं पाणी कप हलवल्यासारखं उसळतं, कट्ट्यावरचं शेवाळ आणि अंडी धुऊन जातात. 2025 च्या वसंतातली मोजणी: 38. टाकीत वाढवलेले काही मासेही होलमध्ये सोडले गेले, बॅकअप पहिल्यांदा खरोखर कामाला आला. मोजणी वर्षातून दोनदा होते, वसंतात आणि शरदात. पाणबुडे खाली जाऊन मोजतात, काही जण वर कट्ट्याजवळ बसून मोजतात, आणि दोन्ही आकड्यांची बेरीज करतात.

चला, आज इतकंच. केरळमध्ये कुणाचं घर असेल आणि विहिरीत काही लाल वळवळताना दिसलं तर पाणी ओतून टाकायच्या आधी व्हिडिओ काढा, आणि मलाही पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.